वाड्याचे बावीस हितचिंतक

वडिलोपार्जित घराबद्दलचं प्रेम घरापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढतं, हा शोध मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावला. धुळे जिल्ह्यातलं नरडाणा हे केंद्र धरा. धुळ्याला राहणाऱ्या चुलतभावाला घर आठवतं ते फक्त घरपट्टीचा विषय निघाला की, आणि तेही विषय बदलण्यापुरतं. नाशिकला प्रेमाला कोंब फुटतो. पुण्यात, म्हणजे मी राहतो तिथे, ते कविता करण्याइतकं वाढतं. कविता मीच करतो. मुंबईत डोळे पाणावतात. आणि कॅनडातल्या मिसिसागाला पोहोचेपर्यंत प्रेमाला असा काही बहर येतो की तिथला आमचा धाकटा भाऊ त्याच्या दुपारी, म्हणजे आमच्या ऐन मध्यरात्री, 'आपलं घर म्हणजे आपली मुळं' असा संदेश टाकून बावीस वारसांना झोपेतून उठवतो.

केंद्रबिंदूवर, म्हणजे प्रत्यक्ष त्या घरात, बापूकाका राहतात. घराबद्दलचं त्यांचं मत अगदी थोडक्यात आहे. "पाडा हाई, नि स्लॅब टाका."

ग्रुपचं नाव 'आपला वाडा'. गावात याला कोणी वाडा म्हणत नाही. 'बापूनं घर' म्हणतात. वाडा व्हायला त्याला पुण्यापर्यंत यावं लागलं.

तर हा वाडा नऊ खणांचा. दोन हात रुंद मातीच्या भिंती, दगडी तळखड्यांवर उभे सागाचे खांब आणि वर खान्देशी धाबं. सागाच्या सऱ्यांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खारी माती. ही पांढरट माती पाणी लागलं की फुगते आणि आपल्या भेगा आपणच बुजवते. आपली चूक न सांगता आपणच दुरुस्त करणारं आमच्या घराण्यात एवढंच एक आहे. तिची अट एकच असते. पावसाळ्याआधी दरसाल नवा थर द्यायचा. आमच्या प्रत्येक पिढीने तो इमानेइतबारे दिला, पण आधीचा काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. थोरामोठ्यांनी टाकलेली माती, ती कशी काढायची? गावचा मिस्तरी धाब्यावर चढला, पायाने दाबून बघितलं आणि खाली उतरून म्हणाला, "भाऊ, हे घर पावसानं पडणार नाही. तुमच्या वाडवडिलांच्या वजनानं पडेल."

मागच्या उन्हाळ्यात बापूकाकांनी खारीच्या दोन ट्रॉल्या आणि मजुरी यांचा हिशेब ग्रुपवर टाकला आणि प्रत्येकाचा वाटा मागितला. तासाभरात प्रतिसादांचा पाऊस. नऊ नमस्कार, सहा बदाम, 'काका, तुम्ही आहात म्हणून घर आहे' असं तिघांनी, आणि मिसिसागाहून चौकशी की खारी माती ऑरगॅनिक असते का. नाशिकच्या वहिनींनी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायला सांगितली. धुळेकर ग्रुप सोडून गेला आणि पावसाळा संपल्यावर 'चुकून बाहेर पडलो होतो' म्हणत परत आला. मी 'धाब्यावरची माती' नावाची कविता पाठवली. बापूकाकांनी ती वाचून मला फोन केला, "छान आहे. हिची किती घमेली होतील?"

माती शेवटी पडली. पैसे कोणाचे होते ते बापूकाकांच्या सुनेला ठाऊक, कारण त्या वर्षी तिचं कपाट आलं नाही.

आता जपायचं तर आधी इतिहास हवा, हे मिसिसागाचं म्हणणं. आमच्या घराला इतिहासाची वाण नाही. एकाला एक न जुळणारे तीन आहेत. बापूकाकांच्या मते, १९०० च्या सुमाराला ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली, नरडाण्याला स्टेशन झालं, आमच्या शेतातला कापूस आगगाडीत बसला आणि पणजोबांनी घर बांधलं. मोठी फुई, म्हणजे बापूकाकांची थोरली बहीण, म्हणते की कापसाचं काही सांगू नका, घर पणजीच्या पाटल्या मोडून झालं, आणि त्या पाटल्या अजून कोणी परत केलेल्या नाहीत. तिसरा इतिहास मिसिसागाचा. त्याच्या मते आम्ही मूळचे तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यातले लढवय्ये.

यावर मी त्याला लिहिलं की फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेर घेतलं तेव्हा किल्लेदाराला फाशी दिलं आणि शिबंदी जवळजवळ सगळी कापून काढली. आपले पूर्वज तिथे असते तर आपण आज कुठून असतो?

"भुयार असेल," तो म्हणाला.

जुन्या घराच्या इतिहासात भुयार आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. बापूकाकांनी मात्र मनावर घेऊन धान्याच्या बळदात बॅटरी मारून पाहिली. तिथे भुयार नव्हतं, पण एक पत्र्याची पेटी सापडली आणि पेटीत मोडी लिहिलेले कागद.

ग्रुपवर जो काही आनंद उसळला! धुळे म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचं शहर. त्यांनी गावोगावची दप्तरं, माळे, अडगळी धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, १८९८ पासून एकूण २२ खंड. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. मिसिसागाने लिहिलं की बावीस खंड आणि आपण बावीस वारस, हा योगायोग नव्हे. तेविसावा खंड आपल्या पेटीत आहे. कोणी म्हणालं सनद असेल, कोणी म्हणालं वतन असेल. मुंबईच्या वहिनींनी वतन निघालं तर ते बायकांच्या नावावर होतं का, एवढंच हळूच विचारलं.

मोडी वाचणारे एक म्हातारे गृहस्थ सापडले. त्यांनी कागद उलटसुलट केला, चष्मा पुसला आणि वाचून अर्थ सांगितला तो असा. बाजूच्या घरातल्या चुलतभावाने आपल्या धाब्याची पन्हाळ आमच्या अंगणाकडे काढली आहे. पावसाचं सगळं पाणी आमच्या भिंतीवर येतं. दोन वेळा समज दिली तरी पन्हाळीचं तोंड फिरवत नाही. सबब मामलेदारसाहेबांनी चौकशी करावी.

बापूकाका खुर्चीतून ताडकन उठले. "म्हंजे ही पन्हाळ तवापासूनची?" कारण ती पन्हाळ आजही तिथेच आहे, पाणी आजही आमच्याच भिंतीवर येतं आणि समज देणं आजही चालू आहे. पेटीतले बाकीचे कागद त्याच तक्रारीची स्मरणपत्रं निघाली. सनद-वतन नव्हतंच. पण मला विचाराल तर आमच्या घराच्या जतनाचं खरं गुपित त्याच पेटीत होतं. आजूबाजूची घरं भाऊभाऊ एकदिलाने राहिले म्हणून कधीच पाडली गेली. एकमत झालं, सह्या झाल्या, जेसीबी आला. आमच्याकडे चार पिढ्यांत एकमत झालं नाही, त्यामुळे पन्हाळीपासून खुंटीपर्यंत सगळं जागच्या जागी आहे.

याच भरात आम्ही सहकुटुंब जळगाव गाठलं. जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचा वाडा आहे. त्यात त्यांच्या नावाने संग्रहालय केलं आहे. जुनं घर जपावं कसं ते बघून यावं, हा हेतू. आपल्याच भाषेतली, आपल्याच मातीतली बाई, तिच्या हातची भांडी, तिच्या शेतातली अवजारं. आम्ही सगळे गप्प झालो. मोठी फुई तेवढी होत नव्हती.

"हाई जातं तर आपल्याकडं पण शे."

"हो फुई."

"आपलं तर जास्ती जुनं शे. मंग आपल्याकडं तिकीट काढून लोक का येत नाहीत?"

"फुई, आपल्या जात्यावर कोणी कविता केली नाही."

फुईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या समग्र काव्याची लाज वाटली. "मी दळताना रातभर गात होते," ती म्हणाली. "तुमच्यापैकी एकाला तरी लिहून घ्यायची अक्कल होती का?" बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांच्या मुखातल्या ओळी लिहून ठेवायला घरात सोपानदेवांसारखा मुलगा होता, म्हणून पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. आमच्या घरात लिहून ठेवला गेला तो फक्त पन्हाळीचा तंटा. परतीच्या वाटेवर मी फुईला ओव्या आठवायला सांगितल्या. तिने एक आठवून पाहिली. ती बापूकाकांवर होती, आणि गाडीत बापूकाका होते, म्हणून अर्ध्यावर थांबवावी लागली.

मग ड्रोन आला. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालकाला मिळकत पत्रिका द्यायची, असं तिचं काम. आजवर आमच्या घराचा एकमेव पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, आणि त्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. घरपट्टी त्यांच्याच नावाने येते. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुना मारून ठेवायचा होता. बापूकाकांनी पहाटे उठून पन्हाळ आपल्या हद्दीत घेणारी रेघ मारली. सूर्य उगवेपर्यंत शेजारच्यांनी पन्हाळीखालचं अंगण त्यांच्या हद्दीत घेणारी दुसरी मारली. दुपारपर्यंत दोन्ही घरांत मिळून इतका चुना पडला की वरून बघणाऱ्याला तिथे कबड्डीचं मैदान दिसलं असावं. भर उन्हात ड्रोन घोंघावत आला तेव्हा सगळी गल्ली धाब्यांवर चढून हात हलवत होती. शेजारच्यांनी पाय घट्ट रोवून त्या पन्हाळीवर उभं राहून घेतलं. फोटोत यावं म्हणून.

एवढ्यात नाशिकच्या वहिनींनी एक जतनतज्ज्ञ आर्किटेक्ट बाई शोधून आणल्या. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, खांबांचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "हे घर श्वास घेतंय. सिमेंटचा एक थेंब लावू नका."

"श्वास घेत असेल," बापूकाका म्हणाले, "पण त्याचं नाक आमच्या डोक्यावर गळतं."

बाई आमच्याहून संयमी निघाल्या. त्यांनी पहिल्या फटक्यात खरं सांगितलं. धाब्यावरचे जुने थर उतरवा, पिचलेल्या कड्या बदला, मग माती द्या. गिलावा जुन्या पद्धतीने चुन्याचा करा. त्यात गूळ, मेथी, उडीद आणि बेलफळाचा गर घालायचा.

"भिंतीला लाडू वळायचे की काय?" फुईने विचारलं. सामान मात्र तिने मनात टिपून ठेवलं.

मिस्तरीचा उपाय वेगळा होता. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला टाइल्स हे एकच उत्तर आहे. भिंतीला ओल? टाइल्स. उंदीर? टाइल्स. देवघरात अंधार? पांढऱ्या टाइल्स. दोघांची अंदाजपत्रकं ग्रुपवर पडली. आर्किटेक्ट बाईंच्या आकड्यात नवं घर बांधून वर वास्तुशांतीची पंगत उठली असती. बदाम थांबले. मिसिसागालाही एकदाची रात्र झाली. त्या शांततेत हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने बापूकाकांना गाठलं. त्याला 'पारंपरिक लूक'साठी सागाचे कोरीव खांब हवे होते, घर नको होतं. चारच खांब द्या म्हणाला. "धाबं कशावर ठेवू?" काकांनी विचारलं. तो म्हणाला, "ते तुम्ही बघा."

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बापूकाकांच्या मुलाने परसदारी वेगळी स्लॅबची खोली बांधली आहे. त्याच्या पैशाची, त्याच्या आवडीची, टाइल्सवाली. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला जातो, तेव्हा दुपारी बारा वाजता तो उशी काखेत मारून मातीच्या मधल्या घरात येतो आणि पाचपर्यंत घोरतो. त्याच्या मागून त्याची बायको येते, मग मुलं, मग शेजारचे, म्हणजे तेच पन्हाळवाले. उन्हाळाभर दोन्ही पक्ष तंटा स्थगित ठेवून एकाच सावलीत आडवे पडलेले असतात. घर पाडायची भाषा कायम पावसाळ्यात सुरू होते.

मुंबईच्या भावाने तेवढ्यात कायदा काढला. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरवता येते. आपण अर्ज करू. बापूकाका हादरले. सरकार घर घेईल, मग आपण तिकीट काढून आत जायचं? त्यांनी ठाम नकार दिला. मग भावाने पुढचं कलम वाचलं. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे.

"शंभर मीटर?" काकांनी शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या सळयांकडे पाहिलं. "अर्ज कुठं करायचा म्हणालास?"

पुढे आठवडाभर बापूकाकांइतका वारसाप्रेमी खान्देशात नव्हता. पण आमच्या घरात राष्ट्रीय महत्त्वाचं काय घडलं, या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना. पन्हाळ लिहून पाहिली. जमली नाही.

आणि मग आली रेल्वे. मनमाड-इंदूर मार्ग येणार, येणार हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला खरोखरच मंजुरी दिली. धुळ्याकडून नरडाण्याला येणाऱ्या फाट्याची चर्चा तर त्याआधीपासून होती. कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. आमच्या परसात लाल चिंधी बांधलेली खुंटी. 'मोजणी झाली. लाईन घरावरून जाते.' खाली धुळेकराची टीप, की २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो.

मी इतकं वेगवान मतपरिवर्तन पाहिलेलं नाही. नाशिकच्या वहिनींना विकासाच्या आड येणं अयोग्य वाटू लागलं. मुंबईचे डोळे कोरडे झाले. मिसिसागाने लिहिलं, 'मुळं मनात असतात, मातीत नसतात', आणि त्याखाली, पैसे डॉलरमध्ये येतील का? कोणाचा हिस्सा किती यावर दोन रात्री अपूर्णांक चालले. मी मात्र 'निरोप' ही कविता लिहायला घेतली. पहिलं कडवं झाल्यावर सहज म्हणून कॅल्क्युलेटर उघडला तो पुढचं कडवं राहूनच गेलं. कोणालाच, अगदी कोणालाच, बापूकाकांना विचारावंसं वाटलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी ग्रुप उघडला आणि निरोप टाकला, "ती रेल्वेची खुंटी नव्हं. वासराची मेख शे. चिंधी फुईनं बांधली, ठेच लागू नये म्हणून."

लगेच सगळ्यांची मुळं पुन्हा मातीत गेली.

या गोष्टींचा निकाल आखाजीला लावायचा ठरला. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांची घागर भरतात, निंबाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते आणि त्यानंतर पत्त्यांना जो ऊत येतो त्याची वाच्यता करू नये. जेवणं झाली. मधल्या घरात सगळे बसले. मिसिसागा मोबाईलवर, खांबाला टेकवून ठेवलेला. धुळेकराने स्टॅम्प पेपर आणला होता. पाचशेचा, कारण शंभरचा हल्ली चालत नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. ठराव असा की चारही फुयांनी हक्कसोड द्यावी, मग वारस कमी होतील, मग एकमत होईल, मग घर जपायचं की पाडायचं ते ठरेल.

धाकट्या तिघी मोठीकडे बघू लागल्या. मोठी फुई डबीतून तंबाखू काढत होती. तिला फुवांचा वाढदिवस आठवत नाही, पण महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, ही दोन्ही सालं तिला तोंडपाठ आहेत.

"मी सही करस नही," ती म्हणाली.

"फुई, तुला काय करायचंय हे घर? पाऊण शतक झालं तुला सासरी."

"घर नको मला. पण आज सही दिली, तर पुढल्या आखाजीला मला न्यायला मूळ घेऊन येईल का कोणी तुमच्यातलं?"

धुळेकर पेपराच्या घड्या घालू लागला. मिसिसागाचं चित्र नेमकं गोठलं, तोंड उघडं. बापूकाकांनी घसा खाकरून विचारलं, "मंग माझ्या स्लॅबचं काय, अक्का?"

"पुढल्या आखाजीला बघू."

"दरसाल हेच म्हनते तू."

"आन तू दरसाल हरतोस," फुई म्हणाली आणि पदराखालून पत्त्यांचा जोड काढला. "बैठ. त्या शेजारच्यालाही बोलाव, पन्हाळवाल्याला. चौथा गडी कमी पडतोय."